ओट्याचा उतार

राजनंदिनी : हलू नका ना आत्या. कोपर दुमडून धरा, तसंच.

चिमाबाई : आगं, पन माजं माप कशाला घ्येतीस? सासूला झंपर शिवतीस का काय?

राजनंदिनी : ओट्याचंच माप आहे. कोपराच्या खाली चार बोटं, तेवढी उंची ठेवायची. त्याच्यावर गेला तर खांदे भरून येतात, खाली राहिला तर कंबर जाते.

चिमाबाई : ह्ये बी त्या मोबाइलात सांगितलं व्हय?

राजनंदिनी : नाही, हे आमच्या वडलांचं. घोडेगावात कुणाचा ओटा बांधायचा झाला की आधी त्या घरच्या बाईला भिंतीशी उभी करायचे, मग विटा मागवायचे.

चिमाबाई : लई गुनाचा गवंडी. मंग तुज्या आयला बी झ्याक ओटा बांधून दिला आसंल.

राजनंदिनी : तिचा राहिलाच. ‘पुढच्या महिन्यात बांधू’ म्हणायचे. मग तीच गेली, आणि दोन वर्षांत तेही.

चिमाबाई : मंग तुजं माप घे बाई. तू ऱ्हानार हितं जलमभर. माजं काय, आज हाय, उद्या न्हाई.

राजनंदिनी : मला थोडं वाकायला जमेल. तुम्हाला खाली बसता येत नाही. चुलीपुढून उठताना दर वेळी भिंत धरता. भिंतीवर तुमच्या हाताचा डाग पडलाय बघा, काळा. तो बघूनच हे काम काढलं मी.

चिमाबाई : येखादा गवंडी बगितला आस्ता तर?

राजनंदिनी : तिघांना विचारलं. तिघंही धरणाकडच्या बंगल्यांवर अडकलेत. एक म्हणाला, दिवाळीनंतर येतो. मामा कधी येणार?

चिमाबाई : जेठात. मेंढरं घाट चढली का आलंच.

राजनंदिनी : मग दिवाळीनंतरचा गवंडी काय कामाचा? जमतं मला. लहानपणी वडलांच्या हाताखाली माल कालवलाय, विटा भिजवल्यात. विसरलेलं मोबाइलवर बघते.

चिमाबाई : आन तुजी येष्टी? सातला जातीस ती दीस मावळताना येतीस. ओतूरच्या त्या लॅबात दीसभर लोकांची रगतं काढायची, आन वर ह्ये.

राजनंदिनी : रोज सकाळी एक तास, आणि रविवार अख्खा. होतंय हळूहळू. पेशंट माझ्या नखांकडं बघतात एवढंच. काल एक आजीबाई म्हणाल्या, पोरी, सुई टोचायच्या आधी हात धू. धुतलेलेच होते. सिमेंट निघत नाही.

चिमाबाई : बिरूला ईचारलंस?

राजनंदिनी : तुमचे चिरंजीव ट्रेलर घेऊन तमिळनाडूत आहेत. म्हणाले, मी आल्यावर करू. मी म्हटलं, तुम्ही येता दोन दिवस, त्यातला एक झोपण्यात जातो.

चिमाबाई : बापाचंच घ्येतलं त्येनं. बाप मेंढरांमागं, ल्योक गाडीमागं.

राजनंदिनी : पण मामा आता कायमचे येणार ना?

चिमाबाई : आसं म्हनलं तर हायती. ‘औंदा मेंढरं इकतो, आता पाय वडत न्हाईत.’ दिवाळी झाली का माळशेज उतरून कोकनात, त्ये जेठापस्तोर. हितं आलं तरी पावसाळाभर मेंढरांपाशी रानातच निजायचं. मी बी जायची संगं. गुडघं गेलं, आन आकरा वर्सं झाली, हितं बसले. नंदे, चाळीस वर्सं व्हतील लगीन होऊन. पन ह्या घरात सलग म्हयनाभर ह्यो मानूस माज्या हातचं जेवलाय, आसं कवा झालंच न्हाई.

राजनंदिनी : आता होईल.

चिमाबाई : घे, माप घे. दोनदा घे.

* * *

राजनंदिनी : आत्या, तांब्याभर पाणी ओता बरं ओट्याच्या मधोमध. सिंककडं पळतं का बघू.

चिमाबाई : वतलं.

राजनंदिनी : मी इकडं सिंकपाशी बोट लावून बसलेय. येत कसं नाही?

चिमाबाई : नंदे, त्ये तर गॅसकडं चाललंय. आन तितनं भित्ताडाकडं.

राजनंदिनी : परत ओता. अरे देवा. उतार उलटा पडला! शेजारचे चौघं कडप्पा धरून उभे होते, ‘ठेवू का, ठेवू का’ म्हणून घाई करत होते, आणि मी लेव्हलचा बुडबुडा नीट बघितलाच नाही.

चिमाबाई : मंग बोलीव की त्येंला माघारी.

राजनंदिनी : ते गेले कांदा काढायला, संध्याकाळशिवाय येत नाहीत. तोवर खालचा माल धरेल. मग कडप्पा फोडल्याशिवाय निघायचा नाही.

चिमाबाई : फोन वाजतोय तुजा.

राजनंदिनी : हॅलो. हो सर. आज? पण आज रविवार... बरं. येते. साडेनऊपर्यंत पोचते.

चिमाबाई : काय म्हनत्यात?

राजनंदिनी : तपासणीचं शिबिर आहे. दुसरी मुलगी आलीच नाही म्हणे.

चिमाबाई : रडतीस का?

राजनंदिनी : नाही रडत. सिमेंट गेलं डोळ्यात.

चिमाबाई : सिमिट येका डोळ्यात जातं, दोनी डोळ्यांत न्हाई जात. उट. पहार कुटं हाय?

राजनंदिनी : पहार कशाला? आत्या, तुम्ही नको. तुमचे गुडघे...

चिमाबाई : पहार काय गुडघ्यानं दाबत्यात? मढ गावाच्या वढ्यात आमच्या घोडीचा पाय धोंड्याखाली आडाकला व्हता, तवा म्या येकलीनं धोंडा उचालला. बिरू पोटात व्हता तवा. म्या हितनं दाबते, तू खाली फरशीच्या चिपा सरकीव. देवानं वजान दिलंय कशाला?

राजनंदिनी : हळू. अजून थोडं. थांबा! थांबा, बोटं आहेत माझी आत. हं, एक बसली. दुसरी घेते. सोडा आता. सावकाश.

चिमाबाई : सोडली.

राजनंदिनी : बुडबुडा बघते. अजून एक चीप लागेल, भिंतीच्या बाजूनं.

चिमाबाई : वाईच दम खाऊ दे. हं. घाल.

राजनंदिनी : घातली. सोडा. आता पाणी.

चिमाबाई : वतते.

राजनंदिनी : आत्या!

चिमाबाई : दिसतंय मला. पळालं बग कसं. आक्षी सिंकात.

राजनंदिनी : आता मला पळायला हवं.

चिमाबाई : पळ, पन आदी आरशात बग. जा, तोंड धू. पांढरीफटक झालीस सिमिटानं. शिबिरातली लोकं म्हनतील, पैला पेशंट हीच.

* * *

राजनंदिनी : झालं. टाइल्सच्या सगळ्या फटी भरल्या. उद्यापासून आत स्वयंपाक करू. दोन महिने झाले, अंगणात तीन दगडांवर चाललंय आपलं.

चिमाबाई : करू की. घाई काय हाय?

राजनंदिनी : तुम्हाला इथंच बरं वाटतंय की काय? गुडघ्यांसाठी एवढा खटाटोप, आणि तुम्ही पाटावर पाट ठेवून चुलीपुढं!

चिमाबाई : दुकत्यात गं. पन हितं धूर कसा सरळ वर जातो बग. आन भाकर फुगली का वाऱ्यालाबी कळतं.

राजनंदिनी : कोकणात असंच करायचात?

चिमाबाई : आसंच. मुरबाडाकडं भाताची खाचरं हायती. कापनी झाली का शेतकरी म्हनायचं, आमच्या रानात मेंढरं बसवा, खत पडू द्या. दोन दीस हितं, दोन दीस तितं. तीन धोंडं मांडलं का झालं माजं घर. ह्ये मेंढरं मोजून यायचं आन चुलीपुढं बसायचं. बोलायचं न्हाईत काय बी. नुस्तं बसायचं. म्या तव्यावरची भाकर मोडायची, आर्दी त्येंला, आर्दी मला.

राजनंदिनी : आणि ज्या वर्षी तुम्ही मागं राहिलात?

चिमाबाई : मढापस्तोर गेले व्हते, लंगडत. घाटाच्या तोंडाला ह्ये म्हनलं, ‘तू जा माघारी.’ म्या म्हनलं, बरं. कुनीतरी फटफटीवरनं आनून सोडलं.

राजनंदिनी : काहीच बोलला नाहीत?

चिमाबाई : काय बोलू? खरंच व्हतं त्येंचं. लंगडं मेंढरू मागंच ठिवावं लागतं. तुजं सांग. बिरूचा फोन?

राजनंदिनी : आला होता दुपारी. गाडी भरायला तीन दिवस लागतायत म्हणे. सव्वीस दिवस झाले, आत्या. मी म्हटलं, टाइल्सचा फोटो पाठवते. म्हणाले, पाठव. पाठवला. त्यावर अंगठा आला.

चिमाबाई : कसला अंगठा?

राजनंदिनी : मोबाइलवरचा. म्हणजे छान झालंय.

चिमाबाई : मेल्याला येक शबुद लिवाया काय झालं व्हतं?

राजनंदिनी : स्टेअरिंगवर असतील. भाकरी बघा, करपतेय.

* * *

(ज्येष्ठातली संध्याकाळ. राजनंदिनी नुकतीच एसटीतून उतरून घरी पोचलीय, पर्स अजून खांद्यालाच आहे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी तिचा सासरा गोरख उभा आहे. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. आत यावं की नाही, असा. तिला वाटून जातं, पाहुणा असा उभा राहतो.)

गोरख : ह्ये आपलंच न्हवं?

राजनंदिनी : आपलंच, मामा. या ना आत. आत्या कधीच्या वाट बघतायत.

चिमाबाई : दोपारपसून उबी हाय म्या. या.

गोरख : समदं तू केलंस, पोरी?

राजनंदिनी : आत्यांनी आणि मी.

चिमाबाई : म्या निस्ती पहार दाबली. टायली, नळ, ह्यो ओटा, समदं तिचं. आन ही खिडकी बी तिनंच काडली. पैलं भित्ताड व्हतं हितं.

गोरख : झ्याक झालंय. दूध सांडल्यावानी पांढरं.

चिमाबाई : बसा की. ही खुर्ची तुमची. हितं बसूनशान जेवायचं. म्या हितनंच तव्यावरची वाढनार, उटाया नको आन बसाया नको. मेंढरं दिली?

गोरख : दिली. बेल्ह्याच्या मानसाला.

चिमाबाई : समदी?

गोरख : समदी. कुत्रं तेवडं ठिवलं व्हतं माज्यापाशी. त्ये मेंढरांमागं गेलं.

राजनंदिनी : हाक नाही मारलीत?

गोरख : मारली. वळून बगितलं त्येनं. मंग गेलं.

चिमाबाई : बरं, आता जेवा. आळवाची भाजी केलीया, तुमाला आवडती तशी. काय झालं? घास का थांबला?

गोरख : काय न्हाई. वाईच भाईर बसतो ताट घिऊन. आत गदगदतंय.

राजनंदिनी : पंखा लावते ना मामा. अंगणात नका बसू. परवाच उसातून बिबट्या निघाला, शेजारचं कुत्रं नेलं.

गोरख : त्येला म्हाईत हाय म्या कोन त्ये. बसा तुमी.

राजनंदिनी : आत्या... पहिलाच दिवस आहे. होईल सवय.

चिमाबाई : व्हईल. ती भाकर दे हिकडं. गरम हाय तवर नेऊन देते.

* * *

राजनंदिनी : मामा? तुम्ही एसटी स्टँडवर कसे? आत्या चहा गाळून बसल्यात घरी.

गोरख : मढच्या गेनभाऊचा मेंढरांचा वाडा गेला आत्ता हितनं. तीनशे मेंढरं, दोन घोडी, मागं बायामानसांची पिकप. बगाया आलो व्हतो.

राजनंदिनी : बघून झालं ना? मग जा आता घरी.

गोरख : पोरी, येक काम करशील? तुज्या सासूला येक सांगायचं व्हतं.

राजनंदिनी : काय?

गोरख : गेनभाऊला मानूस पायजे. दिवाळीपसून जेठापस्तोर. मला बोलवतुया.

राजनंदिनी : मी नाही सांगणार.

गोरख : आयकून तर घे.

राजनंदिनी : नाही ऐकत. मामा, चार महिने झाले तुम्ही येऊन. चार महिन्यांत त्या स्वयंपाकघरात किती वेळा जेवलात? ताट घेऊन कधी ओसरीवर, कधी अंगणात, पाऊस असला तर गोठ्याच्या दाराशी. आत्या खिडकीतून बघत बसतात तुमच्याकडं, हातातली भाकरी गार होते. माझी बोटं सोलली त्या टाइल्स लावताना. त्यांना काही नकोय तुमच्याकडून. नुसतं बसायचंय तुम्ही तिथं. एवढंच.

गोरख : त्येच येत न्हाई.

राजनंदिनी : काय येत नाही?

गोरख : बसाया. उन्हात चालतो, थंडीत जागतो, वाघरू आलं तर त्याच्या डोळ्यांत बत्ती मारतो. बसाया कुनी शिकीवलंच न्हाई. छपराखाली घास उतरत न्हाई, पोरी. वाटतं, आपन आत हाय आन भाईर कायतरी सुटलंय. मोजाया उटतो. आन मोजाया काय बी नसतंय.

राजनंदिनी : मग आधी का विकली मेंढरं?

गोरख : ती वाट बगती म्हून. दर साली जेठात दारात उबी दिसायची. दर साली वाईच जास्त म्हातारी. वाटलं, बास झालं आता.

राजनंदिनी : हे त्यांना सांगितलंय कधी?

गोरख : आसं बोलत्यात का बाईमानसाशी? तुजं काम वंगाळ न्हाई, पोरी. लई देखनं हाय. खोट माज्यात हाय.

राजनंदिनी : माझी एसटी आली.

गोरख : सांगशील?

राजनंदिनी : नाही. तुम्हीच सांगा. आणि अंगणातून नका सांगू. आत जा, बसा, आणि मग सांगा.

* * *

चिमाबाई : आज आत कसं काय? खुर्चीवर बी बसलासा.

गोरख : सुनंनं सांगितलंय.

चिमाबाई : काय?

गोरख : आत बसूनशान बोला म्हनली.

चिमाबाई : मंग बोला.

गोरख : कांदं चिरतीस?

चिमाबाई : दिसत न्हाई का? बोला. गेनभाऊच्या वाड्यासंगं जायाचंय, त्येच ना?

गोरख : तुला कुनी सांगितलं?

चिमाबाई : खिडकी हाय मला आता. रस्ता दिसतो. जे मेंढरू जातं त्येच्यामागं तुमची मान फिरती. परवा तर धा-ईस पावलं गेलासा त्येंच्यासंगं. मंग आटावलं आन माघारी आलासा.

गोरख : तू म्हनशील तर न्हाई जात.

चिमाबाई : म्हंजी माज्यावर ढकलून मोकळं.

गोरख : तसं न्हाई गं.

चिमाबाई : आवं, आठ म्हयनं वाट बगायची, त्यात बी गोडी व्हती. कुटं पोचलं आसतील, काय जेवलं आसतील. तव्यावर भाकर टाकली का वाटायचं, आत्ता ह्ये मेंढरं मोजत आसतील. आता तुमी हितं घरात हायसा, माज्या म्होरं, आन मला दर घडीला तुमची आटवन येती. समोरच्या मानसाची आटवन काडायची, ह्ये कसलं जगनं? जावा. म्या भाकरी बांधून दीन.

गोरख : चिमे.

चिमाबाई : काय?

गोरख : गेनभाऊची बायकू हाय न्हवं, प्रयागबाई. तिचं बी गुडघं गेल्यात.

चिमाबाई : जानारच. आमा समद्यांचं जात्यात.

गोरख : ती आता पिकपात बसून जाती. फुडं मुक्कामाला. भांडी, कोंबड्या, बारकी कोकरं, आन ती.

चिमाबाई : बरं, मंग?

गोरख : आनखी येक बाई बसंल येवडी जागा हाय. म्या बगून आलो.

चिमाबाई : जागा बगून आलासा?

गोरख : आत बसून बगितलं. पाय लांब करता येत्यात. येतीस का?

चिमाबाई : ह्यो कांदा लई झोंबतोय बाई.

गोरख : चिमे, ईचारलं म्या.

चिमाबाई : आयकलं. आकरा वर्सं लागली तुमाला येवडं ईचाराया. मला बी वाईच येळ लागंल की.

* * *

राजनंदिनी : ही लाल पट्टी रक्तदाबाची, सकाळी एक. ही पांढरी साखरेची, जेवणाच्या आधी. उलटसुलट करू नका. कागदावर लिहून दिलंय, प्रयागबाईंना वाचायला सांगा.

चिमाबाई : म्या जाते म्हनले कुटं हाय आजून?

राजनंदिनी : चार दिवस झाले, ओटा पुसताना कोकणातल्या गावांची नावं पुटपुटताय. गाठोडं बांधून पलंगाखाली सरकवलंय. मला दिसत नाही का?

चिमाबाई : रागावलीस?

राजनंदिनी : हो.

चिमाबाई : येवडं सरळ?

राजनंदिनी : खोटं कशाला बोलू? रागावलेय. चार महिने एक रविवार नाही बघितला मी. तुमच्या कोपराला बेतून बांधलाय हा ओटा. संध्याकाळी एसटीतून उतरलं, की घरात दिवा असायचा, आतून भाकरी थापल्याचा आवाज यायचा. आई गेल्यापासून ‘जेवलीस का’ असं कुणी रोज विचारत नव्हतं मला. आता कुठं कुणी विचारायला लागलं होतं.

चिमाबाई : न्हाई जात मंग. त्येंला म्हनते, तुमी जावा.

राजनंदिनी : मी असं म्हटलं का?

चिमाबाई : मंग काय म्हनतीस?

राजनंदिनी : म्हणतेय, की जा. आणि म्हणतेय, की मला वाईट वाटतंय. दोन्ही एकदम म्हणता येत नाही का?

चिमाबाई : येतं की. म्या दर दिवाळीला त्येच म्हनायची. मनातल्या मनात.

राजनंदिनी : मामांना ‘हो’ म्हणालात का?

चिमाबाई : तुला ईचारल्याबगार कशी म्हनू? हितली मालकीन तू.

राजनंदिनी : मालकीण कसली! म्हणा. आजच म्हणा. नाहीतर ते ताट घेऊन परत अंगणात जातील, आणि तुम्ही दोघं आणखी अकरा वर्षं घालवाल.

चिमाबाई : आन तुजं?

राजनंदिनी : माझं काय? एसटी आहे, लॅब आहे. आणि हे यायचेत.

चिमाबाई : कवा?

राजनंदिनी : यायचेत. तो स्वेटर घ्या गाठोड्यात. घाटाखाली पहाटे गार असतं, तुम्हीच सांगितलंत.

* * *

चिमाबाई : हॅलो! नंदे, आयकू येतंय का? प्रयागबाईच्या फोनवरनं बोलतीया!

राजनंदिनी : येतंय आत्या, ओरडू नका. कुठं आहात?

चिमाबाई : घाट उतारला आमी. टोकावड्याच्या म्होरं, येका भाताच्या खाचरात हाय. त्या पिकपात आंग पार खिळखिळं झालं बग.

राजनंदिनी : गुडघे?

चिमाबाई : दुकत्यात. हितं दुकत्यात, तितं बी दुकत व्हते. लाल गोळी सकाळी घ्येतली, ईचारू नगं.

राजनंदिनी : मामा काय करतायत?

चिमाबाई : मेंढरं मोजत्यात. येतील आत्ता चुलीपुढं.

राजनंदिनी : बोलतात का काही?

चिमाबाई : कशाला बोलत्यात! काल मातर येक बोललं. म्हनलं, ‘सुनंनं ओटा लई चांगला बांधलाय.’ म्या म्हनलं, तितं आसताना का न्हाई म्हनलासा? तर म्हनलं, ‘तवा दिसला न्हवता.’

राजनंदिनी : असं म्हणाले?

चिमाबाई : आसंच. आन वर म्हनलं, ‘ती पोर येकलीच आसंल न्हवं तितं.’ तू काय करतीस?

राजनंदिनी : आत्ताच आले लॅबमधून. कुकर लावलाय.

चिमाबाई : बिरू आला?

राजनंदिनी : नाही. परवा येतो म्हणाले होते, आता सोमवार म्हणतायत.

चिमाबाई : मंग येकलीपुरता कुकर कशाला लावतीस? वाटीभर भात पातेल्यात बी व्हतो.

राजनंदिनी : दोन माणसांचा लावलाय.

चिमाबाई : दुसरं कोन यायचंय?

राजनंदिनी : ते नाही ठरवलं, आत्या. एकटीपुरता लावायचा नाही, एवढंच ठरवलंय.